दूध नासवण्याची गोष्ट: पिंपरी ते चाकण, तव्यावरचं पनीर आणि माघातल्या भाज्या

आजचा विषय जाहीर झाल्यावर दोघातिघांनी आम्हाला विचारलं, इतिहासाच्या व्याख्यानात पनीर कशाला? चाकणवर बोलायचं तर संग्रामदुर्गावर बोला. 1660 साली फिरंगोजी नरसाळ्यांनी शाहिस्तेखानाच्या फौजेला पन्नासहून अधिक दिवस त्या भुईकोटाबाहेर थोपवून धरलं, त्यावर बोला. बोलू की, तोही विषय घेऊ. पण आज चाकणच्या तळेगाव चौकात उभं राहून आजूबाजूच्या खानावळींच्या पाट्या वाचल्या तर पहिल्या पाच ओळींत पनीर सापडतंच. याच गावातल्या सत्तरी ओलांडलेल्या एखाद्या आजींना विचारा, तुमच्या लहानपणी घरात पनीर होतं का? त्या हसतील. म्हणजे एका माणसाच्या आयुष्यात एका मुलखाचं ताट बदललं. आणि ताट उगाच बदलत नाही. जमीन बदलते, दूध बदलतं, शेजारी बदलतात, तेव्हा ताट बदलतं. म्हणून हा इतिहासाचाच विषय आहे असं आमचं म्हणणं आहे.

आधी पदार्थ ठरवून घेऊ. हॉटेलातल्या लाल रश्शात बुडालेल्या पनीरबद्दल आज बोलायचं नाही. त्या रश्शात काय आहे हे कळतच नाही, हीच त्याची सोय आहे. आपला पदार्थ साधा आहे. पनीरचे जाड तुकडे लोखंडी तव्यावर थोड्या तेलात दोन्ही बाजूंनी लालसर भाजायचे, आणि त्याच तव्यावर माघ-फाल्गुनात मिळणाऱ्या ओल्या भाज्या परतायच्या: कांद्याची पात, सोलाणे म्हणजे ओल्या हरभऱ्याचे दाणे, मटार, कोवळं गाजर, लसणाची पात. वर लिंबू. घरात आता हे सर्रास होतं, डब्यात जातं, आणि कामावरून रात्री दहाला येऊन स्वयंपाक करणारी मुलंसुद्धा करतात, कारण वीस मिनिटांत होतं.

या पदार्थाचे दोन अर्धे आहेत. भाज्यांचा अर्धा आपल्याकडे जुनाच आहे, किती जुना ते सांगता येणार नाही इतका. संक्रांतीच्या आदल्या दिवशी भोगीला जी मिसळीची भाजी होते तिच्यात काय काय असतं ते आठवा. सोलाणे, पावटा, घेवडा, गाजर, वांगं, बोरं, उसाचे करवे सुद्धा काही घरांत, आणि तीळ. सोबत बाजरीची भाकरी आणि लोणी. रानात त्या आठवड्यात जे ओलं, कोवळं उभं आहे ते सगळं एका भांड्यात. पंचांगातला वसंत चैत्रात येतो, पण भीमा आणि भामा नदीकाठच्या शेतकऱ्याला विचाराल तर भाज्यांचा खरा बहर त्याच्या आधीचा. चैत्रात ऊन चढतं, मेथी फुलावर जाते, हरभरा कधीच खळ्यावर पोचलेला असतो. मग चैत्रगौरीला ओले सोलाणे नाहीत, भिजवलेले हरभरे आणि कैरी घातलेली वाटली डाळ. तेव्हा आम्ही आज वसंतातल्या भाज्या म्हणतो आहोत त्या वसंतपंचमीच्या आसपासच्या, माघातल्या, असं समजा.

चाकणचा बाजार याच भाज्यांवर वाढला. खेड बाजार समितीचं चाकणचं महात्मा फुले मार्केट यार्ड मुख्यतः कांदा-बटाट्यासाठी ओळखलं जातं, पण थंडीत तिथे मेथी, शेपू, कोथिंबीर जुड्यांच्या हिशेबाने येते, आणि हरभरा गड्डीने. एक मात्र प्रामाणिकपणे सांगायला हवं. माघात पिंपरीच्या मंडईत जो मटार असतो त्यातला बराचसा मध्य प्रदेशातून ट्रकने आलेला असतो. आपल्याकडच्या पुरंदरच्या मटाराची ख्याती पावसाळ्यातली. म्हणजे "ताजी स्थानिक भाजी" म्हणताना मटाराला जरा वगळून म्हणा.

आता दुसरा अर्धा, दूध. इथे गंमत सुरू होते.

मराठीत दूध फाटतं, नासतं. दोन्ही शब्द नुकसानीचे आहेत. "नासणं" तर आपण माणसाच्या स्वभावाबद्दल, धान्याबद्दल, झालेल्या बेताबद्दल वापरतो. दुधाबद्दलचा चांगला शब्द कोणता? "विरजण लावणं." लावणं, जसं रोप लावतात, दिवा लावतात. एकाच दुधाला आंबटपणा दोन वाटांनी भेटतो. रात्री कोमट दुधात चमचाभर दही गेलं तर ते लक्ष्मीचं काम, आणि उकळत्या दुधात लिंबाचा थेंब पडला तर सासू सुनेकडे बघते. रसायनशास्त्राच्या दृष्टीने दोन्हीकडे घडतं ते जवळपास सारखंच: आम्लामुळे दुधातलं केसीन नावाचं प्रथिन गोळा होतं. फरक वेगाचा आणि उष्णतेचा.

आणि असंही नाही की आपल्या बायकांना फडक्यात बांधून पाणी गाळण्याची विद्या नव्हती. चक्का काय आहे? दही फडक्यात बांधून खुंटीला टांगायचं, रात्रभर पाणी गळू द्यायचं. पनीरची निम्मी कृती ही आहे. दूध चुकून फाटलं तरी ते कोणी ओतून देत नसे. साखर घालून आटवायचं, मुलांना वाटीत द्यायचं. गाय व्याल्यावर पहिल्या दिवसांच्या चिकाचा खरवस करायचा, तोही दुधातलं प्रथिन उष्णतेने धरवण्याचाच प्रकार. म्हणजे हात तयार होते, फडकं तयार होतं, खुंटी होती. मुद्दाम दूध फाडायचं एवढंच मनात येत नव्हतं. फाडलेलं दूध तिखट-मिठाच्या ताटात जात नव्हतं.

यावर काही जण लगेच म्हणतात, आपल्या संस्कृतीत दूध फाडणं निषिद्ध होतं, पोर्तुगीज आले, त्यांनी बंगालात छेना शिकवला, आणि मग सगळं सुरू झालं. अन्नाचा इतिहास लिहिणारे के. टी. अचया यांनी हे मत मांडलं आणि ते फार पसरलं. आम्हाला ते पूर्ण पटत नाही, आणि त्याचं कारण आपल्या सीमेवरच आहे. आज कर्नाटकातल्या बिदर जिल्ह्यात जे बसवकल्याण आहे, ती कल्याणीच्या चालुक्यांची राजधानी. तिथल्या राजा तिसऱ्या सोमेश्वराच्या नावावर बाराव्या शतकातला 'मानसोल्लास' हा संस्कृत ग्रंथ आहे. त्यात राजाच्या भोजनाचा मोठा भाग आहे, आणि त्यात क्षीरप्रकार नावाचा एक गोड पदार्थ येतो. तापवलेलं दूध आंबट घालून फाडायचं, त्यातला घट्ट भाग वेगळा काढायचा आणि त्याचा पदार्थ करायचा. पोर्तुगीज भारताच्या किनाऱ्याला लागले 1498 मध्ये. म्हणजे त्याआधी साडेतीनशेहून अधिक वर्षं दख्खनमध्ये मुद्दाम दूध फाडणारा आचारी होता. तो राजाकडे होता, हे मान्य. आणि पदार्थ गोड होता, हेही लक्षात ठेवा. पण "आपल्याकडे नव्हतंच" असं छातीठोकपणे म्हणायची सोय राहत नाही.

पनीर हा शब्द मात्र फारसी. आणि आपल्या राज्यात पनीरला मान देणारा एक समाज फार पूर्वीपासून होता: मुंबईचे पारशी. त्यांचं टोपली नू पनीर, लहान वेताच्या टोपल्यांत धरवलेलं, टोपलीची नक्षी अंगावर उठलेलं, स्वतःच्याच पाण्यात ठेवलेलं, मऊ. ते तव्यावर टाकायचं नसतं, टाकलंत तर विरघळून जाईल. ते रेनेटने, म्हणजे विकराने धरवतात, लिंबाने नाही. हा फरक थोड्या वेळाने कामाला येणार आहे.

मग तव्यावरचं पनीर पिंपरी-चिंचवडच्या घरात आलं कसं? इथे आपल्या परिसराचा इतिहास मध्ये येतो. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांची छावणी पिंपरीत पडली. आजही जुनी माणसं बाजाराला "कॅम्पात जाऊन येतो" म्हणतात. 1954 मध्ये हिंदुस्तान अँटिबायोटिक्स उभी राहिली, आणि तिच्या वसाहतीत देशभरातून आलेली कुटुंबं एका भिंतीआड राहू लागली. 1962 मध्ये औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झालं. टेल्को आली, आकुर्डीला बजाज आली. 1970 मध्ये पिंपरी, चिंचवड, आकुर्डी, भोसरी अशी गावं मिळून नगरपालिका झाली, 1982 मध्ये महानगरपालिका. हा क्रम तुम्हाला पाठ आहे, म्हणून त्यावर वेळ घालवत नाही. त्यातली एक बारीक गोष्ट मात्र सहसा कोणी सांगत नाही, ती कँटीनची.

1948 च्या कारखाने कायद्यात कलम 46 होतं. 250 हून अधिक कामगार असलेल्या कारखान्यात उपाहारगृह असलंच पाहिजे, असा नियम राज्य सरकार करू शकत होतं, आणि ते चालवण्यासाठीच्या समितीत कामगारांचे प्रतिनिधी बसवू शकत होतं. आता विचार करा. मावळातून, जुन्नरातून, मराठवाड्यातून आलेला माणूस. घरी पिठलं-भाकरी, कालवण. त्याच्या बाकावर पंजाबी, बिहारी, मल्याळी सहकारी. कँटीनमध्ये शाकाहारी आणि मांसाहारी दोघांनाही "आज काहीतरी विशेष आहे" असं वाटेल असा पदार्थ कोणता? मटणाच्या दिवशी शाकाहाऱ्याच्या ताटात वांगं-बटाटा पडला की समितीत भांडण. पनीरने ते भांडण मिटवलं. हे आम्ही कागदावरून नाही, कँटीनमध्ये जेवलेल्या लोकांशी बोलून सांगतो आहोत. घरात पनीर येण्याआधी कित्येक कामगारांच्या तोंडी ते कारखान्यात लागलं होतं. मग कधीतरी बायकोला, "ते आमच्याकडे करतात तसं कर बघू."

पण मागणी आली म्हणून पदार्थ येत नाही. दूध हवं. पिंपरीत लष्कराचं डेअरी फार्म होतं, त्या भागाचं नावच डेअरी फार्म पडलं. 1889 मध्ये अलाहाबादला पहिलं लष्करी फार्म निघालं, ते गोऱ्या पलटणींना स्वच्छ दूध मिळावं म्हणून. ती साखळी देशभर पसरली आणि 2017 मध्ये सरकारने उरलेली 39 फार्म बंद करायचा निर्णय घेतला. ते दूध तारेच्या कुंपणाआडचं. शेतकऱ्याच्या गोठ्यातलं दूध वाढलं ते नंतर. 1967 मध्ये उरुळी कांचनला मणिभाई देसाईंनी बाएफ सुरू केली आणि गोठवलेल्या रेतनातून संकरित गाई जिल्हाभर पोचल्या. 1970 पासून दूध महापूर योजना. जुन्नर, आंबेगाव, खेड, शिरूर इथे दोन-दोन, चार-चार संकरित गाई बांधलेला शेतकरी दिसू लागला.

आणि मग दूध जास्त झालं. दुधाच्या धंद्यात दोन शब्द आहेत, पुष्टकाळ आणि कृशकाळ. चारा-पाणी असतं, जनावरं नुकती व्यालेली असतात, तो ऑक्टोबर ते मार्चचा पुष्टकाळ. म्हणजे बघा, ज्या महिन्यांत रानात भाजीचा लोंढा, त्याच महिन्यांत गोठ्यात दुधाचा. दोन्ही नाशवंत. मेथीची जुडी दोन दिवसांत पिवळी पडते आणि दूध तर काही तासांत. संघ म्हणायचे, आज दूध घेणार नाही. याला "दूध सुट्टी" असं गोड नाव होतं. शेतकऱ्याच्या गाईला सुट्टी नसते, ती दोन्ही वेळा दूध देतेच. त्याने काय करायचं? ओतायचं.

1992 मध्ये, याच पुणे-नाशिक रस्त्यावर चाकणच्या पुढे, मंचरला पराग मिल्क फूड्स सुरू झाली. 1991 नंतर दूध प्रक्रियेवरचे परवान्यांचे निर्बंध सैल होऊ लागले होते, खाजगी डेअऱ्यांना वाट मिळाली. आज त्या कंपनीचं गोवर्धन तूप आणि गो चीज दुकानात दिसतं. तिच्या संस्थापकांनी दूध सुट्टीच्या अडचणीतूनच सुरुवात झाल्याचं सांगितलेलं आहे. आम्हाला त्या कंपनीची जाहिरात करायची नाही. मुद्दा असा की, जे आजीला नुकसान वाटत होतं ते इथे उलटं झालं. दूध ओतून द्यायचं नसेल तर ते मुद्दाम नासवा. पनीर, चीज, भुकटी हे सगळं पुष्टकाळातलं दूध कृशकाळापर्यंत नेण्याचे उपाय आहेत.

आता तव्याकडे येऊ, नाहीतर तुम्ही म्हणाल, भूक लावून सोडलं.

पनीर तव्यावर वितळत नाही, आणि चीज वितळतं. का? रेनेटने धरवलेल्या चीजमध्ये केसीनचे कण कॅल्शियमच्या सांध्यांनी जोडलेले असतात. ताप लागला की ते सांधे सैल होतात आणि जाळं वाहू लागतं. पनीर करताना दूध 80-90 अंशांपर्यंत तापवून आम्ल घालतात. आम्लाने बराचसा कॅल्शियम पाण्याबरोबर निघून जातो, आणि उष्णतेने दुधातली दुसरी प्रथिनंही केसीनला चिकटून बसतात. हे जाळं वाहत नाही. ताप दिला की ते उलट आवळतं, पाणी बाहेर टाकतं, आणि बाहेरून लाल होतं. टोपली नू पनीर तव्यावर का टाकू नये, ते आता कळलं असेल.

म्हशीच्या दुधाचं पनीर तव्याला उत्तम. त्या दुधात स्निग्धांश, केसीन आणि कॅल्शियम सगळंच जास्त. साधारण पाच लिटर म्हशीच्या दुधात एक किलो पनीर पडतं. गाईच्या दुधाला सहा-साडेसहा लिटर लागतात आणि पनीर मऊ, भुसभुशीत होतं, उलथताना मोडतं. आणि पुणे जिल्ह्यात तर संकरित गाईच वाढलेल्या. म्हणून गाईचं दूध घेणाऱ्या घरी पनीर केलं तर ते दोन तास तरी पाट्याखाली दाबून ठेवा, घाई करू नका. तवा चांगला तापू द्या. तुकडे कोरडे पुसून ठेवा आणि ठेवल्यावर हलवू नका. खालून लाल कवच धरलं की तुकडा आपणहून तवा सोडतो, त्याआधी खरवडाल तर ते कवच तव्यालाच राहील. काढल्यावर कोमट मिठाच्या पाण्यात दहा मिनिटं सोडा, आत मऊ राहतं. भाज्या नंतर, आणि सगळ्या एकदम नाही. सोलाणे आणि गाजर आधी, मटार मग, पात अगदी शेवटी, गॅस बंद करताना. तव्यावर गर्दी केलीत तर भाज्या स्वतःच्या पाण्यात शिजतील आणि हिरवा रंग गेलाच म्हणून समजा. मसाला? हिरवी मिरची, जिरं, मीठ. गरम मसाला घालायचा असेल तर सोलाण्यांची चव विसरा. हे आमचं मत आहे, घरी भांडण लावायला नाही सांगत.

(श्रोत्यांतून प्रश्न येतो: बाजारातलं पनीर घेतलं तर?)

बरं झालं विचारलंत, तिकडेच येत होतो. साधा हिशेब करा. पाच लिटरला एक किलो. संकलन केंद्रावर म्हशीच्या दुधाला लिटरला 50 रुपये धरा, तरी नुसत्या दुधाचे 250 झाले. त्यात गॅस, वीज, मजुरी, वाहतूक, दुकानदार. मग कोणी दोनशे रुपये किलोने हॉटेलला "पनीर" टाकत असेल तर ते दुधाचं कसं असेल? त्यात भुकटी असते, वनस्पती तेल असतं, कधी स्टार्च. त्याला कायद्यात अ‍ॅनालॉग म्हणतात. ते बनवणं हा गुन्हा नाही, पनीर म्हणून विकणं हा आहे. कायद्याच्या मानकानुसार पनीरमध्ये ओलावा 60 टक्क्यांपेक्षा जास्त नको, आणि कोरड्या भागात दुधाची चरबी किमान 50 टक्के हवी. मार्च 2025 मध्ये बनावट पनीरचा विषय विधानसभेत गाजला. घरी करायचं तर तुकडा उकळून, गार करून त्यावर आयोडीनचा थेंब टाका. निळा पडला तर स्टार्च आहे. निळा पडला नाही म्हणून ते दुधाचंच, असं मात्र नाही. तेलाचा पत्ता आयोडीनला लागत नाही.

आम्हाला यात सर्वात बोचतं ते वेगळंच. दूध ओतून द्यायची वेळ येऊ नये म्हणून ज्या पदार्थाची वाट निघाली, त्याच पदार्थाच्या नावाखाली आता दुधाशिवायचा पदार्थ खपतो. आणि तो खपतो याच पट्ट्यात, जिथे थोडक्या पैशांत महिनाभराचा हिशेब बसवणाऱ्या मेस आहेत, आणि जिथून वीस-तीस मैलांवर दुधाचा दर पडला म्हणून शेतकरी रस्त्यावर येतो. खाणाऱ्या मुलाला दोष देऊन उपयोग नाही. त्याला काय वाढलं आहे ते त्याच्या ताटावर लिहिलेलं नसतं.

भाज्यांचंही तसंच. म्हाळुंगे, खराबवाडी, निघोजे, वासुली, सावरदरी, भांबोली. ही नावं आज तुम्ही कंपनीच्या बसच्या पाटीवर वाचता. 1990 नंतर एकेक टप्पा संपादित होत गेला, मोठे वाहन कारखाने आले, आणि त्यातून रोजगार आला हे नाकारण्यात अर्थ नाही. ज्या घरांची जमीन गेली त्यातल्या अनेकांची मुलं त्याच बसमध्ये बसतात. पण हरभरा तिथेच व्हायचा. या गावांतली एक आजी आम्हाला म्हणाल्या, पूर्वी सोलाणे विकत आणायचे असतात हेच माहीत नव्हतं. बांधावरून जाताना पदरात घ्यायचे. आता त्या मोशीच्या उपबाजारातून आलेली गड्डी दारावर घेतात, आणि नातवासाठी तव्यावर पनीरबरोबर परततात, कारण नुसते सोलाणे तो खात नाही. आम्ही त्यांना विचारलं, दूध मुद्दाम नासवताना जीवावर येत नाही का? म्हणाल्या, पहिल्यांदा आलं होतं. लिंबू पिळताना हात थांबला. मग निवळी फेकायची नाही, तिच्यात कणीक भिजवायची असं ठरवलं, तेव्हा हात चालला.

वेळ झालेली आहे. आणखी प्रश्न असतील तर घेऊ.